दिसते तसे काढण्याची विद्या

गाझियाबादेत आमच्या बिऱ्हाडी रविवारी सकाळी पाच-सहा मराठी मुले चित्रे काढावयास येतात. त्यास शिकवणी म्हणावे असे काही स्वरूप नाही. व्हरांड्यात एक मोढा ठेवावयाचा, त्यावर कधी माठ, कधी पितळी तांब्या, कधी नुसतीच वीट. आणि मुलांनी समोर बसून ते काढावयाचे. मोढा म्हणजे ह्या बाजूचे सरकंड्याचे, कमरेशी डमरूसारखे आवळलेले बसणे. येथून जवळच्या गढमुक्तेश्वरचे मोढे प्रसिद्ध आहेत. वस्तू दिसावयास साधी, पण कागदावर उतरविणे कठीण. तिची वरची व खालची दोन्ही वर्तुळे खरी गोल. परंतु समोर बसणाऱ्यास वरचे चपटे दिसते व खालचे त्याहून अधिक उघडलेले. नवे मूल हटकून वर पूर्ण गोल काढते आणि तळाशी सरळ रेघ मारते. वर गोल, कारण बैठक गोल असल्याचे त्यास ठाऊक असते. तळाशी सरळ, कारण मोढा जमिनीवर सपाट टेकतो हेही त्यास ठाऊक असते. डोळा सांगतो ते तिसरेच, आणि ते ऐकावयास महिने लागतात.

मध्यंतरी ह्यांपैकी एका बारा वर्षांच्या मुलीने घरी आपल्या आजोबांचे चित्र काढले. आजोबा दुपारी खाटेवर निजलेले, आणि ही पायथ्याशी बसलेली. चित्रात पुढे दोन मोठे तळवे, त्यांमागे आखूड झालेल्या नडग्या, मग पोटाचा उंचवटा, आणि त्यापलीकडे लिंबाएवढे डोके. प्रमाण बरेचसे बरोबर साधले होते. आजींनी मात्र चित्र पाहिले आणि त्या रागावल्या.

“अगं, आजोबांचे पाय पुढे नि डोकं मागे? असं काढतात का कुणी वडील माणसाला?”

“आजी, मला तिथून तसंच दिसत होतं.”

आजींचा राग आम्हांस अनाठायी वाटला नाही. वडील माणसाचे तळवे आधी दिसावेत असा प्रसंग आपल्या घरांतून कोणता, हे वाचकांस सांगावयास नको. पण मुलीचे उत्तरही खोटे नव्हते. दोघींच्या मधोमध ते चित्र घेऊन आम्ही बसलो तेव्हा ध्यानात आले की ह्या भांडणास इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग मराठी मुलखात घडलेला आहे.

आपल्या भाषेत ‘मान’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मोजमाप, दुसरा आदर. जुन्या चित्रकाराच्या हाती हे दोन्ही अर्थ बहुधा एकच होत. राजा मोठा, सेवक लहान. देव त्याहून मोठा. चित्रातील माणसाचे आकारमान त्याच्या पदावरून ठरे. पाहणारा कोठे उभा आहे ह्याचा त्याच्याशी संबंध नसे. दिसते तसे काढण्याच्या विद्येत माप पाहणाराच्या डोळ्यापासून सुरू होते. जवळचे ते मोठे, लांबचे ते लहान, आणि आपल्या दिशेने आलेले अंग आखूड. तेथे पेशव्याचा जोडा पेशव्याच्या पगडीहून मोठा दिसला तरी इलाज नाही. चित्रशाळांतील मराठी मुले ह्या आखूड होण्यास फोरशॉर्टनिंगच म्हणतात. आमचीही मुले तोच शब्द वापरतात. त्यास जुना भारतीय शब्द आहे, पण तो पुढे त्याच्या जागी येईल.

ही दोन माने मराठी मुलखात समोरासमोर आली ती सवाई माधवरावांच्या पुण्यात. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट 1786 पासून दरबारी होता. त्यास चित्रांचा व लेण्यांचा छंद होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईस उतरला आणि पुढल्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणवीस ह्यांना सेवकांसह एकाच पटावर दाखविणारे त्याचे 1792 चे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच नानांच्या वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर देवादिकांची चित्रे आहेत, आणि ती जुन्या मानाची आहेत. एकाच माणसाने घरच्या भिंतीवर एक पद्धत नांदविली आणि दरबारी दुसरीपुढे बसून चित्र काढवून घेतले. नानांस ह्यात विसंगती वाटली असेल असे आम्हांस वाटत नाही. हिशेबाच्या दोन वह्या ठेवण्याची त्यांना सवय होती.

मॅलेटच्या खटपटीने आणि पेशव्यांच्या अनुमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली. तिच्यातील एकाचे नाव ठळकपणे टिकून राहिले आहे: गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. वेल्सच्या हाताखाली त्याने काम केले, मॅलेटसाठी वेरूळ-कार्ल्याची लेणी रेखाटली. त्याची पुष्कळ चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. परंतु तो कोऱ्या हाताने वेल्सकडे गेला, ही समजूत चुकीची ठरेल. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याचे चित्र नोव्हेंबर 1790 चे आहे, म्हणजे वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वीचे.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. युरोपातील सर्वांत प्रसिद्ध गेंडा आल्ब्रेख्त ड्यूररचा, 1515 चा. तो खरा गेंडा गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांस मिळाला आणि गोव्याहून गलबताने लिस्बनला गेला. ड्यूररने तो पाहिलाच नाही. कोणा दुसऱ्याचे रेखाटन व वर्णन ह्यांवरून त्याने त्यास चिलखताचे पत्रे चढविले, पाठीवर एक जादा शिंगही बसविले. हाच ड्यूरर दहा वर्षांनी, 1525 मध्ये, मोजमापाच्या विद्येवर ग्रंथ लिहितो, आणि चित्रकाराने समोरची वस्तू चौकटीतून एकेक बिंदू टिपून कशी काढावी हे त्यात चित्रे देऊन समजावितो. ती चौकट युरोपभर शिकविली गेली आणि तो शिंगाळ गेंडाही युरोपने दोनशेहून अधिक वर्षे खरा मानला. पुण्याच्या तांबटाने मात्र गेंड्यासमोर बसून गेंडा काढला.

गंगारामाचे आडनाव आम्हांस नेहमी थांबविते. तांबट ठोके देऊन घागर वळवितो. तिचे तोंड गोल आहे हे त्याच्या बोटांस ठाऊक असते, कारण ते गोल त्यानेच आणलेले असते. घराण्याचा धंदा गंगारामाच्या हातात कितपत होता कोण जाणे, पण ज्यांच्या घरी भांडी घडत त्यांच्या मुलाने ‘घागरीचे तोंड लंबवर्तुळ काढ’ हे ऐकून घ्यावयाचे, ह्यात केवढा उलटा अभ्यास आहे! हातास ठाऊक असलेले पुसावे लागते. आणि वेरूळची लेणी म्हणजे तर ह्या विद्येची खडतर परीक्षा. एकाच मापाचे खांब ओळीने आत गेलेले, प्रत्येक मागल्या खांबाची उंची कमी, दोन खांबांमधील अंतर त्याहून झपाट्याने कमी, आणि सगळ्यावर अंधार. आमच्या मुलांस हाच धडा आम्ही साहिबाबादेच्या बाजूस उंचावरून जाणाऱ्या नव्या जलद रेल्वेच्या खांबांवर देतो. 2023 मध्ये ती गाडी सुरू झाली तेव्हा लोकांनी वेगाचे कौतुक केले; आम्हांस अशी एकसारख्या खांबांची लांबच लांब ओळ फुकट मिळाली ह्याचा आनंद झाला.

शनिवारवाड्यातील शाळा फार काळ टिकली नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, पुढच्याच महिन्यात वेल्स गेला, आणि दोन वर्षांत मॅलेटनेही पुणे सोडले. वेल्सच्या रेखाटनांवरून वेरूळची चोवीस चित्रे टॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. शीर्षकात वेल्सचे नाव आले. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. पुण्याने पुढे साठ वर्षे ह्या गोष्टीची आठवण ठेवली असे दिसत नाही.

नंतरची हकीकत मुंबईची. सर जमशेटजी जिजीभाईंनी 1853 मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 2 मार्च 1857 रोजी एल्फिन्स्टन संस्थेत चित्रकलेचा वर्ग भरू लागला. आमच्या गावाच्या कडेने वाहणाऱ्या हिंडन नदीवर त्याच वर्षी 30 व 31 मे रोजी दिल्लीच्या बंडवाल्यांची व इंग्रजी फौजेची लढाई झाली. तीन महिन्यांच्या आत एकीकडे शिसपेन्सिली, दुसरीकडे तोफा. आणि सरकार दोन्हीकडे एकच. ह्या शाळेबद्दल नंतर जो संशय घेतला गेला तो समजून घेताना हे वर्ष विसरता येत नाही.

शिक्षणाचा क्रम लंडनहून आलेला होता. आधी छापील नमुन्यावरून रेघा, मग घन व शंकू, मग ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे साचे. माणूस सर्वांत शेवटी. कोकणातून-देशावरून आलेला विद्यार्थी वर्षानुवर्षे अपोलोच्या नाकावरील सावली घासत बसे. हा क्रम नीरस होता ह्यात शंका नाही. तथापि प्लास्टर हलत नाही आणि रंगाने फसवीत नाही. उचललेला हात समोरून किती आखूड होतो हे मोजावयास त्याच्याइतका सोशीक नमुना मिळणे कठीण. आम्ही वीट व माठ ठेवतो ते ह्याच कारणाने. 1890 मध्ये कोल्हापुराहून ह्या शाळेत आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर तेथेच शिक्षक झाले आणि त्यांनी आपल्या तेथील आयुष्याची हकीकत ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या नावाने 1940 मध्ये मराठीत लिहिली. तालमीचा कंटाळा ज्यांस येतो त्यांनी धुरंधरांची गर्दीची चित्रे पाहावीत. वळलेले खांदे, पुढे आलेले गुडघे, पाठमोऱ्या बायका. एवढ्या माणसांत एकही अवयव उसना लावलेला वाटत नाही.

परंतु ह्या शाळेच्या इतिहासातील खरे मोलाचे प्रकरण मुंबईत घडलेच नाही. जॉन ग्रिफिथ्स 1865 मध्ये येथे शिक्षक म्हणून आला आणि 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रतिकृती करीत राहिला. पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडीतले प्रमुख. ग्रीक साच्यांवर तयार झालेले हे हात पंधराशे वर्षांपूर्वीच्या भारतीय रेघेवरून फिरू लागले. प्रतिकृती करणारा मनुष्य नुसता पाहत नाही. प्रत्येक वळण त्यास स्वतःच्या मनगटातून काढावे लागते. आणि मनगटास तेथे काय आढळले? तीन-चतुर्थांश वळलेली तोंडे, पाठमोऱ्या बसलेल्या स्त्रिया, मुडपलेले पाय, हवेत तरंगणारी शरीरे. पुढे आलेले अंग आखूड करण्याची विद्या भिंतीवर होती. ती ड्यूररच्या चौकटीची नव्हती, एका डोळ्याच्या एका जागेशी बांधलेली नव्हती, पण विद्या होती. ग्रिफिथ्सची मजा अशी की सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येच्या चित्राविषयी लिहिताना त्याने रेखनाची बाजू फ्लॉरेन्सला दिली, रंगाची व्हेनिसला, आणि भावाच्या बाबतीत मात्र ह्या चित्राहून वरचढ कोणी नाही असे कबूल केले. मास्तरांनी रेखनाचे गुण कापले खरे. पण तेरा वर्षे ते स्वतःच त्या रेखनाखाली बसून होते. दुर्दैवाने त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा 1885 मध्ये लंडनच्या आगीत गेल्या.

वर म्हटलेला जुना शब्द येथे येतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र म्हणून भाग आहे. त्यात माणसाच्या उभे राहण्या-वळण्याची नऊ स्थाने सांगितली आहेत. ऋज्वागत म्हणजे सरळ समोरचे, पृष्ठागत म्हणजे पाठीकडचे, आणि मधली वळणे. शरीर वळले की त्याचा एक भाग कमी होतो व दुसरा वाढतो. ह्यास ग्रंथकार क्षय व वृद्धी म्हणतो. क्षयवृद्धी! फोरशॉर्टनिंग ह्या शब्दात फक्त आखूड होणेच आहे; आपल्या शब्दात दोन्ही बाजू आहेत, कारण दूरची बाजू जेवढी आटते तेवढी जवळची भरते. त्याच ग्रंथात पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पाच प्रकार आणि त्यांची अंगुळांतील उंची दिली आहे. हंस एकशेआठ अंगुळांचा, शशक नव्वदांचा. म्हणजे मान ठरलेले, आणि त्या मानास वळणाप्रमाणे क्षयवृद्धी. हा ग्रंथ मुंबईच्याच वेंकटेश्वर छापखान्यात 1912 मध्ये छापला गेला. ग्रिफिथ्सचे विद्यार्थी अजिंठ्यास गेले त्यानंतर चाळीस वर्षांनी! त्यांनी जे बोटांनी वाचले त्याचे पुस्तक त्यांच्या हाती नव्हते.

मधल्या काळात कलकत्त्याकडून निराळा वारा सुटला होता. ई. बी. हॅवेल व अवनींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या मंडळींचे म्हणणे असे की साच्यांवरून व नमुन्यांवरून काढणे म्हणजे परक्याच्या डोळ्याने पाहणे. भारतीय चित्रकाराने ध्यानातून काढावे. मुंबईने ऐकले नाही. उलट ग्लॅडस्टन सॉलोमनने 1919 मध्ये तेथे जिवंत नमुन्यावरून नग्नाकृती काढण्याचा वर्ग रीतसर सुरू केला. कलकत्त्याचा राग आम्हांस समजतो. 1857 साली निघालेल्या सरकारी शाळेविषयी तो येणे स्वाभाविकच होते. पण ‘परका डोळा’ हा आरोप अजिंठ्याच्या भिंतीसमोर टिकत नाही. क्षयवृद्धी जाणणाऱ्या देशात आखूड झालेला हात विलायती कसा ठरावा? हॅवेल अजिंठ्याचा मोठा भक्त होता, म्हणून तर त्याचे हे म्हणणे आम्हांस अधिकच खटकते.

ह्या वादाचा एक निकाल आमच्या शेजारी, दिल्लीत, भिंतींवर लागलेला आहे. नव्या राजधानीच्या सचिवालयातील नॉर्थ ब्लॉकमध्ये 1929 च्या सुमारास मुंबईच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी भित्तिचित्रे केली. तेव्हाच्या लॉ मेंबरच्या दालनासाठी खुद्द धुरंधरांनी चित्रे केली. आणि पुण्यास जन्मलेल्या सॅम्युएल फैझी रहमीन ह्यांनी घुमट रंगविले. घुमट रंगविणे म्हणजे ह्या विद्येचा कडेलोट. पाहणारा खाली, माणूस वर, आणि भिंत वाकलेली. कागदावर नीट दिसणारी आकृती तेथे चढविली की पोट फुगते व डोके मागे पडते. फैझी रहमीन ह्यांनी तरुणपणी लंडनला विलायती पद्धतीचे शिक्षण घेतले आणि नंतर ते टाकून भारतीय सपाट रेघेकडे वळले. मुंबईच्या मुलांनी मात्र सॉलोमनच्या वर्गात शिकलेले मांसल अवयव भारतीय विषयांस वापरले. एकाच इमारतीत दोन्ही उत्तरे आहेत. सरकारी कचेरी असल्यामुळे ती पाहावयास मिळणे दुर्घट होते, आणि दिल्लीच्या मराठी मंडळींपैकी ह्या चित्रांची गोष्ट ठाऊक असलेले आम्हांस थोडेच भेटले.

सामान्य मराठी घरात ही विद्या पोचली ती मात्र परीक्षेच्या वाटेने. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा महाराष्ट्रात आजही होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन. कितीएक पिढ्यांनी हा मंत्र पाठ केला. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या आमच्या पिढीतील मराठी माणसाच्या ट्रंकेत मॅट्रिकच्या कागदांबरोबर त्या परीक्षेचे प्रमाणपत्र हमखास सापडावयाचे. त्याचे पुढे काय झाले असे विचारले तर बहुतेक जण हसतात. परंतु यंत्राचा भाग पाहून कागदावर उतरविणारा फिटर, किंवा गिऱ्हाइकास कपाट कसे दिसेल हे चार रेघांत दाखविणारा सुतार, ह्यांच्या हातात तीच बादली व तेच खोके असते.

आता त्या खाटेवरच्या आजोबांकडे येऊ. त्या मुलीस व तिच्या आजींस आम्ही दोन चित्रांच्या छापील प्रती दाखविल्या. पहिले इटालीतील मांतेन्याचे, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले: मृत ख्रिस्त, तळव्यांकडून पाहिलेला. नेमकी तीच जागा, तीच खाट म्हणा ना. हिशेबाने पाहता त्यातील तळवे आहेत त्याहून बरेच मोठे यावयास हवेत, आणि डोके लहान. मांतेन्यास हिशेब येत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्याने पाय जाणून लहान केले असावेत, तोंड झाकले जाऊ नये म्हणून. आजींनी ते चित्र बराच वेळ पाहिले व म्हणाल्या, “हा मेलेला आहे, म्हणून ठीक आहे.”

दुसरे चित्र अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातले. बुद्ध भिक्षापात्र घेऊन दाराशी आला आहे. समोर यशोधरा आणि राहुल. बुद्ध एवढा उंच की आईलेकरू त्याच्या मांडीपर्यंतही नीट पोचत नाहीत. हे जुने मान, पदाचे. पण त्या दोघांची तोंडे पाहावीत. ती वर उचललेली, किंचित वळलेली. दूरचा गाल आटलेला, जवळचा भरलेला. तेथे क्षयवृद्धी आहे, आणि ती एवढी अचूक आहे की त्या दोघांच्या नजरेवरूनच समोरच्याची उंची आपणांस कळते. मुलीने विचारले, “मग बुद्ध खरंच एवढा मोठा होता, की त्यांना तसा दिसला?” आम्हांस उत्तर सुचले नाही. आजींनी दिले: “बाप इतक्या वर्षांनी दाराशी आला. लेकराला केवढा दिसेल?”

पुढच्या रविवारी मुलीने आजोबांना मोढ्यावर बसविले आणि समोरून काढले. खाटेपेक्षा हे कठीण. बसलेल्या माणसाची मांडी सरळ आपल्याकडे येते आणि तिची सारी लांबी चार बोटांत मावते. तिने प्रथम ती लांबलचक काढली, आजोबा घसरून पडताहेत असे दिसू लागले, तेव्हा खोडली. तीन वेळा खोडून कागद भुरभुरीत झाला. आजी शेजारी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मध्येच सांगितले की गुडघा अजून पुढे आहे. पहिले चित्र फाडावयाचे ठरले होते, पण आजोबांनी ते मागून घेतले. चव्वेचाळीस वर्षे कारखान्यात उभे राहून काढलेले पाय आहेत, ते कोणीतरी एकदा मोठे काढले, असे म्हणाले आणि कागद गुंडाळून आत घेऊन गेले.